सव्वीस टिंब दोन

माझ्या घरात समुद्राचं पाणी सव्वीस अंशांवर असतं. साडेपंचवीस झालं तर मला चैन पडत नाही आणि साडेसव्वीस झालं तर मी जेवणावरून उठतो. लोकांना हे वेड वाटतं. रोज संध्याकाळी त्याच त्या मालिका बघणं त्यांना वेड वाटत नाही, तेव्हा लोकांच्या मताला किती भाव द्यायचा हे मी केव्हाच ठरवून टाकलंय.

टाकी तीन फुटी आहे. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांकडे सोफा असतो तिथे ती आहे. दोन क्लाउनफिश, चार-पाच गोगलगायी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणि प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. हे प्रवाळ जिवंत असतं. दिवसा बोटं पसरून पाण्यात डोलतं, दिवे मालवले की मिटून घेतं. पाणी तापलं की त्याचा रंग जातो, ते पांढरं पडतं आणि बहुतेकदा मरतं. तापमान थोडं चुकीचं असलं तर ते एक वेळ चालवून घेतं, पण तासाभरात दोन अंशांची उडी त्याला सोसत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी गार करणारा चिलर आणि जानेवारीत हीटर. मी एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत थर्मामीटर खरं बोलतात की खोटं हे तपासायचं काम केलं. त्यामुळे हे मला जमतं.

टाकी घेतली ती कुसुम गेल्यावर दुसऱ्या वर्षी. कुसुम म्हणजे माझी बायको. ती तापाने गेली. नऊ दिवस दर तासाला मी तिचा ताप वहीत लिहीत होतो. एकशे तीन टिंब चार, एकशे दोन, पुन्हा एकशे चार. वहीतले आकडे अगदी नीटनेटके होते, ताप मात्र उतरला नाही. पुढे एकदा कँपात काही कामासाठी गेलो असताना हमीदच्या दुकानात शिरलो. तिथे समुद्राच्या पाण्याची एक टाकी होती आणि तिच्या कडेला छोट्या तांबड्या आकड्यांत सव्वीस लिहिलेलं होतं. मी अर्धा तास उभा राहिलो. आकडा हलला नाही. मला मासे फार आवडतात अशातला भाग नाही. तो आकडा हलला नाही म्हणून मी टाकी घेतली.

आता गुरुवारबद्दल सांगायला हवं. पुण्यात गुरुवारी वीज जाते, तारा-डबे दुरुस्त करायला. दर गुरुवारी जातेच असं नाही, पण उन्हाळ्यात आमच्या भागात बहुतेक वेळा जाते. नऊला जाते आणि दोनला येते, म्हणजे तसं सांगतात. पंप आणि एक पंखा इन्व्हर्टरवर चालतात. चिलर चालत नाही. म्हणून फ्रीझरमध्ये मी पाण्याच्या सहा बाटल्या गोठवून ठेवतो आणि गुरुवारी टाकीपाशी खुर्ची टाकून बसतो. पाणी साडेसव्वीसवर गेलं की एक बाटली पाण्यात तरंगत सोडायची, सव्वीसवर आलं की काढायची. सहा वर्षांत मी एकाही गुरुवारी घराबाहेर पडलो नव्हतो. लग्नाची आमंत्रणं गुरुवारची आली की मला बरं वाटायचं, कारण न जायला खरंखुरं कारण असायचं.

गुरुवारी आणखी एक गोष्ट व्हायची. साडेदहाच्या सुमाराला सरुबाई दार वाजवायच्या.

आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी सरुबाईंच्या सासऱ्यांची ज्वारी उभी असायची. जमीन गेली, त्या बदल्यात तळमजल्यावर दोन फ्लॅट आणि शेवग्याचं झाड असलेला अंगणाचा एक पट्टा त्यांना मिळाला. मुलगा जयसिंग खराडीला कंपन्यांना गाड्या पुरवतो, सून नोकरीवर जाते. एरवी सरुबाईंची सोबत टीव्ही करायचा. गुरुवारी तोही बंद. म्हणून त्या तीन मजले चढून माझ्याकडे यायच्या.

"भाऊ, हाय का घरात?"

"गुरुवारी मी कुठे असणार, सरुबाई?"

"तुमच्याकडं बरं असतंय. लाइट न्हाई तरी मासे असत्यात."

त्या दारातच उभ्या राहून जिन्यावरून जाणाऱ्या कुणाशी तरी बोलत राहायच्या. आमचा जिना पश्चिमेचा, उघडा. एप्रिलमध्ये त्यातून भट्टीसारखी हवा येते. मी ओरडायचो, "आत तरी या, नाहीतर बाहेर तरी थांबा. दार उघडं राहिलं की खोली अर्ध्या अंशाने तापते." मग त्या आत येऊन लाकडी पाटावर बसायच्या आणि तासन्‌तास टाकीकडे बघायच्या. प्रवाळाला त्या फुलं म्हणायच्या. "आज फुलं रुसल्यात का?" "ही मोठी कोळंबी त्या माशाचं अंग चाटती का काय?" मी होय-नाही इतकंच बोलायचो. मी तुसडा आहे हे मला ठाऊक आहे. पण दहा चाळीस होऊन गेले आणि दार वाजलं नाही की माझं लक्ष आकड्यावर नसायचं, हेही मला ठाऊक होतं. ते मी कधी कबूल केलं नाही, एवढंच.

एकदा मी टाकीत हात घालायच्या आधी बोटातली तांब्याची अंगठी काढून बशीत ठेवली. उष्णतेचा त्रास होतो म्हणून कुसुमने ती मला घालायला लावली होती.

"अंगठी कशापायी काढता, भाऊ?" सरुबाईंनी विचारलं.

खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. मला ती दोन वाक्यं बोलायचा कंटाळा आला. "पाण्यात पडायला नको म्हणून," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मासे बघायला लागल्या.

मार्चमध्ये हमीद मिठाची पोती टाकायला घरी आला. टाकीसाठी समुद्राचं मीठ वेगळं असतं आणि ते तोच आणून देतो. त्याने आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, अठ्ठावीस झालंय की हो!" मला तिथे सव्वीस दिसत होतं. सकाळपासून मी तिथे सव्वीसच वाचत होतो. चिलरची जाळी तुंबली होती. ती साफ केली, पाणी हळूहळू खाली आलं आणि कुणी मेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा तर पार पिकलेला.

"गुरुवार सोडून कुठलाही वार चालेल," मी काउंटरवरच्या बाईंना म्हणालो. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर सुनीती असं लिहिलं होतं.

"गुरुवार सोडून डॉक्टरांना चालत नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनं गुरुवारीच असतात. आपण ठरवा, डोळा पाहिजे की गुरुवार."

मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती, सोबत येणाऱ्याचे नाव व नाते. मी पेन धरून बराच वेळ बसलो. नावाची जागा कोरी ठेवून नात्यापुढे लिहिलं, भाचा. मला बहीणच नाही, तर भाचा कुठला असायला! पण शेजारी असं लिहिलं की ह्या बाई शेजाऱ्याला फोन लावतील अशी भीती वाटली.

एप्रिलमधला एक गुरुवार मिळाला. आदल्या दिवशी मी सरुबाईंना वर बोलावून सगळं शिकवलं. कंपनीत नव्या माणसांना शिकवायचो तसंच. त्यांना आकडे वाचता येत होते, बाकी अक्षरं जेमतेम.

"साडेसव्वीस दिसलं की बाटली सोडायची. सव्वीस दिसलं की काढायची. नळाचं पाणी घालायचं नाही. बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही, गोडं पाणी मिसळलं की घात होतो. हात घालायचा नाही. मी एकपर्यंत येतो."

"आन् आकडा लिवायचा का वहीत, तुम्ही लिवता तसा?"

"काही गरज नाही."

"लिवते की. मला येतंय."

मी त्यांना किल्ली दिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या घराची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात गेली.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. साडेअकराला डोळ्यावर पट्टी लावून मी बाहेरच्या बाकावर होतो आणि रिक्षा मिळेल का याचा विचार करत होतो. सुनीतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आपले भाचे?"

"येतोय. वाटेत आहे."

"मग ते येईपर्यंत आपण बसा. एका डोळ्याच्या माणसाला आम्ही एकटं सोडत नाही."

बारा वाजले. बाकावरची माणसं एकेक करून मुलांच्या, सुनांच्या, नवऱ्यांच्या हाताला धरून निघून गेली. साडेबारा वाजले. मी एकदा हळूच जिन्यापर्यंत जाऊन आलो, तर बाईंनी मला हाताला धरून परत आणलं. एक वाजला तेव्हा मी सरुबाईंना फोन लावला.

"लाइट आली का?"

"कुठली येती! डीपीचं काम काढलंय म्हनं. पाच वाजत्याल."

सहा बाटल्या एव्हाना वितळल्या असणार. बाहेर चाळीस अंश होतं. पाचपर्यंत पाणी एकतीसवर गेलं असतं.

"बाटल्या?"

"त्या बाराच्या आतच संपल्या. तुम्ही नका घोर करू. म्या केलंय काय ते."

"आकडा किती दिसतोय?"

"थांबा बघते." चपलांचा आवाज आला. "सव्वीस. टिंब. दोन."

मी डोळा मिटला. जो मिटता येत होता तो. सव्वीस टिंब दोन! मला इतका आनंद झाला की बाकावर बसल्या बसल्या मी हसलो. त्यांनी काय केलं हे मी विचारलंच नाही. आकडा बरोबर होता, मला तेवढं पुरलं.

"भाऊ, तुमच्यासंगं कोन हाय तितं?" सरुबाईंनी विचारलं.

"आहेत."

"कोन?"

माझ्याच्याने पुढे खोटं बोलवेना. "कोणी नाही," मी म्हणालो. "मला सोडत नाहीयेत."

"आधी न्हाई का सांगायचं! जयसिंगला धाडते."

जयसिंग खराडीहून गाडी काढून, गर्दीतून वाट काढत साडेतीनला आला. उंच, भरदार माणूस, कपाळावर घाम. "आला एकदाचा आपला भाचा," सुनीतीबाई म्हणाल्या. जयसिंगने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हां, चला मामा." गाडीतही तो मला मामाच म्हणत होता. घरी जाईपर्यंत मला बरं वाटत होतं. एका डोळ्याने येरवड्याचा पूल बघत मी मनाशी म्हटलं की आज सरुबाईंना चहा करून द्यायचा, आपल्या हाताने.

साडेचारला घरी पोचलो. वीज आलेली नव्हती. पडदे ओढलेले, पंखा फिरत होता. सरुबाई टाकीपुढे पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर माझी वही होती. मी सरळ आकड्याकडे गेलो, अगदी नाक लावून वाचला. सव्वीस टिंब एक.

मग मी पाण्यात पाहिलं. पाण्याच्या मधोमध, सुतळीने टाकीच्या आडव्या दांडीला बांधलेली, तांब्याची कळशी होती.

ती चिंचमिठाने घासून लख्ख केलेली होती. आत बर्फ होता, रसाच्या गुऱ्हाळावरून आणलेला. त्यांनी माझं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. नळाचं पाणी घातलं नव्हतं, बर्फ पाण्यात टाकला नव्हता, तो भांड्यात घालून भांडं पाण्यात सोडलं होतं. साडेचार तास त्या बर्फ बदलत होत्या. आणि साडेचार तास ते तांबं खाऱ्या पाण्यात उतरत होतं. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी मानवतं. मासेही थोडं तांबं सोसतात. प्रवाळाला, कोळंबीला, गोगलगायीला ते विष आहे. म्हणूनच मी अंगठी काढतो.

गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या. एक कोळंबी कोपऱ्यात कुशीवर पडून पाय हलवत होती. प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतली होती.

"बर्फ सपला की गुऱ्हाळावर जात हुते," सरुबाई उठत म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "स्टीलचं पातेलं न्हाई घेतलं. म्हनलं तुमचं जिवापाड जपलेलं, तर देवाच्या पान्याची कळशी घ्यावी. माझ्या रुखवतातली हाय. बघा, आकडा जागचा हलू दिला न्हाई."

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

"डोकं चालवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? समजत नाही तर माणसाने विचारावं! सहा वर्षं जगवलेलं तुम्ही एका दुपारी मारलंत. विष घातलंत विष! अडाणी माणसाच्या हातात किल्ली दिली, ही माझीच अक्कल."

सरुबाईंना कळेना. त्या एकदा आकड्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. "पन सव्वीसच हाय की, भाऊ," त्या म्हणाल्या.

"खड्ड्यात गेलं सव्वीस!"

जयसिंग दारातच उभा होता. "आई सकाळपासनं जेवली न्हाई, साहेब," तो म्हणाला. गाडीत मी मामा होतो.

"तू गप," सरुबाई त्याला म्हणाल्या. त्यांनी सुतळी सोडली, कळशी उचलली, पदराने खालून धरली. वही खुर्चीवर ठेवली आणि वहीवर किल्ली. मग जिना उतरून गेल्या. कळशीवरून खारं पाणी ठिबकत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वाळलं तेव्हा तळमजल्यापर्यंत पायऱ्यांवर पांढरे ठिपके होते.

कोळंब्या दिवस मावळायच्या आत मेल्या. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी एकटाच गेलो होतो, कारण पट्टी काढायला भाचा लागत नाही. नव्या डोळ्याने सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की मी बावचळलो. घरी येऊन टाकीपुढे उभा राहिलो. सहा वर्षांत इतकं स्पष्ट मी काही पाहिलं नव्हतं. प्रवाळाचं मांस सांगाड्यावरून सुटायला लागलं होतं, धुतलेल्या चिंधीसारखं. दोन्ही मासे तेवढे मजेत फिरत होते.

हमीद आला. त्याने पाण्यातलं विष शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिशव्या टाकल्या, निम्मं पाणी बदललं, हात पुसले आणि मला विचारलं, "झालं कसं काय?" मी सगळं सांगितलं. माझ्या अंगात राग अजून होता, त्यामुळे चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"बाईंनी बर्फ घातला नसता तर मासेही गेले असते," तो म्हणाला. "एकतीसच्या पाण्यात सगळंच गेलं असतं. तांब्याचं त्यांना सांगितलं होतंत ना?"

"तांबं घालू नका हे काय सांगायचं असतं?"

"मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, साहेब. तुम्ही बोटातली अंगठी बघत म्हणालात, असं होय!"

तो गेल्यावर मी वही उघडली. माझ्या बारीक आकड्यांखाली सरुबाईंचे मोठे, उजवीकडे कललेले आकडे होते. दर अर्ध्या तासाला एक. २६.४, २६.३, २६.२, २६.२, २६.१. एकही अर्धा तास चुकलेला नाही. एकतीस वर्षं मी माणसांना हे शिकवत आलो आणि असं पान मला कुणी लिहून दिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं. अंगठी कशापायी काढता, भाऊ? त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं आणि मला दोन वाक्यांचा कंटाळा आला होता. मी वही मिटली आणि रडलो. कुसुम गेली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो, तेव्हा माझी काही चूक नव्हती.

लगेच खाली जायला हवं होतं. मी गेलो नाही. पहिल्या गुरुवारी वीज गेली, मी बाटल्या सोडत बसलो आणि साडेदहाला कान दाराकडे लावले. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, दार वाजलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. टाकीत दोन माशांखेरीज काही राहिलं नव्हतं. त्यांना दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी चालतं. तरी मी सव्वीसच धरून बसलो होतो, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. डाव्या डोळ्याची तारीख, अर्थात गुरुवार. "भाच्यांना घेऊन या," सुनीतीबाई म्हणाल्या. मग मात्र मला खाली जावंच लागलं. लागलं नसतं तर मी गेलो असतो का, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

सरुबाई अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांनी पदर नीट केला. "या, बसा," म्हणाल्या. भाऊ म्हणाल्या नाहीत. सुनेला सुट्टी होती, तिला हाक मारून चहा सांगितला. मी बसलो आणि मला ती कळशी दिसली. शेवग्याच्या बुंध्याशी, मातीत पालथी घातलेली होती. तिच्यावर हिरवट डाग चढले होते.

"ही इथे बाहेर का?" मी विचारलं.

"आता काय करायची आत? जीव मारलेलं भांडं देवापुढं कसं ठेवायचं?"

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. भाजी महाग झाली म्हणावं तशा म्हणाल्या. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"सरुबाई, कळशीने काही केलं नाही. तुम्हीही काही केलं नाही. ते माझं झालं. अंगठीचं तुम्ही मला विचारलं होतं. तांबं चालत नाही, एवढं मी सांगायचं होतं. ते न सांगता मी भलतंच काहीतरी सांगितलं."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "परवा हमीदभाई मीठ घिऊन आले हुते, त्यांनी समदं सांगितलं." त्यांनी एक शेंग सोलून पुरी केली. "तवा सांगितलं असतं, तर पातेल्यात घातला असता की बर्फ. मला काय, पातेलंबी चाललं असतं."

"मी फार वाईट बोललो."

"बोलला खरं."

चहा गार झाला. मी ऑपरेशनचं सांगितलं, आणि जयसिंग येऊ शकेल का हे विचारताना माझी जीभ अडखळली. "धाडते की त्याला," त्या म्हणाल्या. "डोळ्याचं काम हाय."

"आणि टाकी? त्या दिवशी वर याल का तुम्ही?"

"या वक्ताला लाइट जानार न्हाई म्हनून सांगितलंय लाइटवाल्यांनी. तुमची मशीन चालंल." त्यांनी शेंगांची ताटली उचलली.

"मग नंतर एखाद्या गुरुवारी?"

"बघू," सरुबाई म्हणाल्या. आपल्याकडे बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

दवाखान्यात जयसिंग वेळेवर आला. फॉर्मवर या वेळी मी नावाच्या जागी त्याचं पूर्ण नाव त्याला विचारून लिहिलं. नात्यापुढे पेन थांबलं. मागच्या वेळी मी खोटं लिहिलं तेव्हा बहीण होती, मलाच ते माहीत नव्हतं. मी पुन्हा भाचा असंच लिहिलं. जयसिंगने ते वाचलं. परतीच्या वाटेवरही तो मला साहेबच म्हणत होता.

आता दोन्ही डोळ्यांनी मला खोलीच्या पलीकडूनही आकडा वाचता येतो. हमीद विचारतो, नवीन प्रवाळ आणू का? पाणी आता स्वच्छ झालंय, तांबं निघून गेलंय. मी म्हणतो, थांब थोडं. वहीत सरुबाईंच्या शेवटच्या आकड्याखाली मी अजून एकही आकडा लिहिलेला नाही.

गुरुवारी वीज जाते. मी बाटली सोडतो, पाट टाकीसमोर ठेवतो आणि साडेदहाला उठून दार उघडतो. ते दुपारपर्यंत तसंच उघडं असतं. जिन्यातली गरम हवा आत येते, खोली तापते आणि पाणी अर्ध्या अंशाने वर जातं, कधी पाऊण अंशाने. जाऊ दे.